आजोबांच्या वहीतले ११८ रुपये कसे वाचावेत?

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. गिरगावच्या चाळीत राहणाऱ्या तुमच्या आजोबांची १९५५ ते १९५८ या वर्षांची घरखर्चाची वही तुम्हाला मिळाली आहे. घरात सहा माणसं. पगार ११८ रुपये, त्यातच महागाई भत्ता आला. तांदूळ आठ आणे शेर, साजूक तूप सव्वापाच रुपये शेर, खोलीचं भाडं साडेअकरा. तुम्हाला घराण्याचा इतिहास लिहायचा आहे, आणि तुम्ही विचारता: खरंच एवढी स्वस्ताई होती का? ११८ रुपये म्हणजे आजचे किती? शिवाय वहीत करमणुकीचा खर्च जवळजवळ नाहीच, मग ही माणसं संध्याकाळी करत काय होती आणि जगाच्या बातम्या त्यांना कळत कशा?

मी आयुष्यभर हिशेबनिसाचं काम केलं. गेली तीसेक वर्षं लोकांच्या घरातल्या जुन्या वह्या वाचून देतो, कधी कुटुंबासाठी, कधी त्या काळावर नाटक बसवणाऱ्या मंडळींसाठी. त्या अनुभवावरून आधीच सांगतो की ‘आजचे किती’ या प्रश्नाला एक आकडा देता येत नाही, आणि जो देईल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. तूप एक आकडा सांगेल, सोनं दुसरा, भाडं तिसराच. विचारायचं ते असं: ही वस्तू घरात आणायला आजोबांना किती दिवस राबावं लागत होतं? याचं उत्तर वही देते. फक्त त्याआधी वही बरोबर वाचता आली पाहिजे, आणि चुका बहुतेक तिथेच होतात.

पैशांपासून सुरुवात करू. १ एप्रिल १९५७ पर्यंत रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे किंवा बारा पै. त्या दिवसापासून रुपयाचे शंभर नये पैसे झाले. तुमची वही नेमकी या सांध्यावर आहे. मार्च १९५७ च्या पानावर ‘०-१२’ लिहिलं असेल तर ते बारा आणे, म्हणजे पाऊण रुपया. तेच मे महिन्याच्या पानावर असेल तर बहुधा बारा नये पैसे, म्हणजे जुने दोन आणे. सहापटीहून जास्त फरक पडला! ‘बहुधा’ म्हणतो, कारण जुनी नाणी पुढे काही वर्षं चालत राहिली आणि कित्येक माणसं सवयीने आण्यांतच लिहीत राहिली. ओळखायचं कसं? बेरीज करून पाहायची. सोळाला हातचा आला असेल तर आणे, शंभराला आला असेल तर नये पैसे. दुसरी खूण म्हणजे सहा, बारा, एकोणीस, पंचवीस हे आकडे. एक, दोन, तीन आणि चार आण्यांची ती सरकारी रूपांतरं. एखाद्या पानावर भाजी एकोणीस पैशांची दिसली की समजायचं, भाजीवालीने तीन आणेच मागितले होते.

काही घरांत आकड्यांऐवजी रेघा सापडतात. उभी रेघ म्हणजे पावली, चार आणे. आडवी रेघ म्हणजे एक आणा. दोन उभ्या आणि एक आडवी म्हणजे नऊ आणे. ज्यांनी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी (पाव, अर्धा, पाऊण, सव्वा यांचे पाढे) पाठ केली होती त्यांना ही बेरीज बोटं न मोडता जमत असे. आजोबांच्या वहीत ‘चवली’ किंवा ‘अधेली’ हे शब्द आले तर ते अनुक्रमे दोन आणे आणि आठ आणे.

आता मापं. तुम्ही शेर म्हणजे किलो धरून चालला आहात. वजनाचा शेर ऐंशी तोळ्यांचा, म्हणजे साधारण ९३३ ग्रॅम. तेवढा फरक चालून जाईल. पण धान्याचा शेर मापाचाही असतो, आणि त्यात किती वजन बसेल ते धान्यावर अवलंबून. कोकणातून आलेल्या तांदळाची नोंद पायलीत असेल तर तो मापाचा हिशेब: दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेर म्हणजे पायली. मुंबईत तर चहा, साखर अशा जिनसा रत्तलावरही मिळत. रत्तल म्हणजे पौंड, ४५३ ग्रॅम. एकाच पानावर शेर, रत्तल, पायली आणि कापडाचा वार सुखाने नांदतात. मेट्रिक वजनं १९५८ च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने आली आणि १९६२ मध्ये सक्तीची झाली. त्यामुळे १९५५ च्या प्रसंगात वाण्याच्या तोंडी ‘किलो’ घालू नका. एका नाटकाच्या मंडळींना मी किमती अचूक काढून दिल्या आणि वजनांबद्दल बोलायचं विसरलो. रंगमंचावर किलोची वजनं आली. प्रेक्षकांत त्या काळात वाढलेली माणसं होती, त्यांना ते खुपलं. तेव्हापासून भावाच्या आधी मी माप विचारतो.

सोन्याच्या बाबतीत आणखी सावध राहा. आज सराफ बोलताना तोळा म्हणतो आणि दहा ग्रॅम देतो. आजोबांचा तोळा ११.६६ ग्रॅमचा. १९५५ मध्ये दहा ग्रॅमला ७९ रुपयांच्या आसपास भाव होता, म्हणजे त्यांच्या तोळ्याला सुमारे ९२. घरात ऐकलेल्या ‘ऐंशी रुपये तोळा’ आणि ‘नव्वद रुपये तोळा’ या दोन गोष्टींत भांडण वाटतं, पण दोन्ही खऱ्या असू शकतात.

हे सगळं मुंबईपुरतं. वही औरंगाबाद किंवा परभणीकडची असती तर पहिल्या काही वर्षांत ‘हाली’ आणि ‘कलदार’ असे दोन रुपये दिसले असते. निजामाचे सात हाली म्हणजे आपले सहा कलदार. गोव्यातल्या घराची असती तर पोर्तुगीज रुपया आणि टांगा ही तिथली चलनं दिसली असती, आणि १९५९ पासून एस्कुदो. तुमच्या आजोळचं कुणी तिकडचं असेल तर त्यांचे आकडे या वहीत मिसळू नका.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. ११८ रुपयांना तीस दिवसांनी भागा. दिवसाला तीन रुपये पंधरा आणे, म्हणजे जवळजवळ चार रुपये. सव्वापाच रुपयांचं शेरभर तूप म्हणजे सव्वा दिवसाहून जास्त काम. आज महिना चाळीस हजार मिळवणारा कारकून धरा आणि तूप सातशे रुपये किलो धरा. तेवढ्याच तुपासाठी त्याला अर्धा दिवस पुरतो. तूप स्वस्त नव्हतं, चांगलंच महाग होतं. म्हणून तर आजीच्या हातचं तूप चमच्याच्या टोकावर येत होतं.

तोच हिशेब सोन्याला लावा. ९२ रुपयांचा तोळा म्हणजे आजोबांची तेवीस-चोवीस दिवसांची कमाई. आज दहा ग्रॅम लाखाच्या वर आहे, चाळीस हजारवाल्याला अडीच महिन्यांहून जास्त लागतील. सोनं खरोखरच आवाक्यात होतं. पण आवाक्यात असणं वेगळं आणि शिल्लक उरणं वेगळं. तुमच्याच वहीतली फेब्रुवारी १९५५ ची तुम्ही दिलेली बेरीज घ्या: वाणी ३८, दूध १९, भाजी ९. झाले ६६. पगाराचा छप्पन टक्के हिस्सा पोटात गेला. त्यात भाडं आणि गावची पंधरा रुपयांची मनिऑर्डर मिळवली की साडेब्याण्णव. उरलेल्या साडेपंचवीस रुपयांत रॉकेल, कोळसा, शाळेची फी, कपडे, औषध आणि आलागेला. त्यातून तोळा कधी व्हायचा?

भाडं हा तिसरा प्रकार. साडेअकरा रुपये ऐकून आज कुणीही हळहळेल. पण ते बाजारभावाने ठरलेलं नव्हतं. १९४७ च्या भाडे कायद्याने मुंबईतली जुनी भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली होती. ज्याच्या नावावर खोली होती तो तरला. नव्याने येणाऱ्याला पागडी मोजावी लागे, नाहीतर कुणाच्या तरी खोलीत पथारी टाकावी लागे. आजोबांना खोली कशी मिळाली, कुणाच्या नावावर होती, हे शोधलंत तर घराण्याच्या इतिहासातलं एक मोठं पान उलगडेल. माझ्या मते पगारापेक्षाही ती खोली हीच त्या घराची खरी मालमत्ता होती.

११८ रुपये त्या काळात कुठे बसतात हेही पाहा. पहिल्या वेतन आयोगाने केंद्र सरकारच्या सर्वांत खालच्या नोकराला तीस रुपये मूळ पगार आणि पंचवीस रुपये महागाई भत्ता असे पंचावन्न ठरवले होते. १९५९ मध्ये दुसऱ्या आयोगाने ते ऐंशीवर नेले. मुंबईच्या गिरणीत किमान मूळ पगार १९४७ पासून तीस रुपये होता, भत्ता त्यावर. म्हणजे तुमचे आजोबा गरीब नव्हते. स्थिर नोकरीतला, काटकसरीने जगणारा मध्यमवर्ग, असं लिहिलंत तर ते बरोबर होईल.

हे सगळं मात्र एका गोष्टीवर अवलंबून आहे, आणि ती म्हणजे वर्ष. १९५५ हे साल धान्याच्या बाबतीत नेहमीसारखं नव्हतं. आधीची पिकं चांगली आली होती आणि भाव पडले होते. कामगारांच्या राहणीखर्चाचा देशभराचा निर्देशांक १९४९ ला शंभर धरला तर १९५५ मध्ये ९६ होता आणि १९६० पर्यंत १२४ वर गेला. ‘पन्नासचं दशक स्वस्त होतं’ असं सरसकट लिहू नका. तुमच्याच वहीत १९५७-५८ ची पानं वाण्याच्या बिलाची चढण दाखवतील. शिवाय मुंबईत १९४३ पासून असलेलं रेशनिंग रफी अहमद किडवाई अन्नमंत्री असताना, १९५४ मध्ये उठलं. आजोबांची वही त्यानंतर लगेच सुरू होते. निवडून तांदूळ घेता येणं हीच त्या घरातली नवलाई होती. घरातली वडीलधारी माणसं लाल ज्वारी आणि मिलो (परदेशातून आलेली ज्वारी) यांच्या रांगांच्या आठवणी याच काळात घालतात, पण त्या बहुतेक साठीच्या आणि सत्तरीच्या दशकातल्या असतात. त्यांना खोडू नका, फक्त तारीख वहीवरून लावा.

हिशेबासाठी महिनाही जपून निवडा. एप्रिल-मे नको, तेव्हा वर्षाच्या धान्याची आणि तिखट-मसाल्याची बेगमी होते. जून नको, वह्या-पुस्तकं आणि छत्र्या आल्या. दिवाळीचा महिना तर नकोच. फेब्रुवारी किंवा सप्टेंबर बरा. आणि वाण्याकडे उधारीचं खातं असेल तर वहीत दिसते ती बिल चुकवल्याची तारीख. माल आला तो महिना निराळा असू शकतो.

थोडक्यात क्रम असा: आधी चलन, मग माप, मग साधा महिना, आणि मग प्रत्येक वस्तूला पगाराचे किती दिवस लागले ते. एवढं झालं की आजच्या रुपयात रूपांतर करण्याची गरजच उरत नाही.

आता संध्याकाळ. वहीत करमणूक दिसत नाही याचा अर्थ ती नव्हती असा नाही. ती विकत घेतलेली नव्हती, एवढाच. अशा वह्यांत ‘ट्राम ०-१-०’ (रुपये-आणे-पै) ही नोंद महिन्याच्या वीस तारखेपर्यंत रोज येते आणि मग गायब होते. माणूस उरलेले दहा दिवस फोर्टपर्यंत चालत गेला. करमणुकीचंही तसंच. वहीतल्या रिकाम्या जागा वाचायला शिकावं लागतं.

रेडिओ घ्या. त्याला सरकारी परवाना लागे, त्याची फी पोस्टात भरावी लागे. वहीत परवान्याची नोंद नसेल तर घरात रेडिओ नव्हता. पण मजल्यावर कुणाकडे तरी होता, आणि त्याचं दार उघडं असे. १९५२ मध्ये बाळकृष्ण केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी जवळजवळ बंद पडली. त्याच सालच्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची गीतमाला सुरू झाली, आणि बुधवारी रात्री आठला त्या एका दारात गर्दी होऊ लागली. विविध भारती आली ती ऑक्टोबर १९५७ मध्ये, त्यामुळे तुमच्या १९५५ च्या पानांत तिला आणू नका. उलट १९५५ च्या रामनवमीपासून पुणे केंद्रावर गदिमा आणि सुधीर फडक्यांचं गीतरामायण वर्षभर चाललं, छप्पन गाणी. बायका दुपारी वनिता मंडळ ऐकत, गिरणगावात कामगार सभा ऐकली जाई.

पैसे मोजून पाहायचं ते नाटक आणि सिनेमा. ‘सिनेमा’ अशी नोंद दिसली तर तारखेकडे पाहा. पगाराच्या आठवड्यातली असेल. ‘नाटक’ असेल तर गिरगावात साहित्य संघ, परळला दामोदर हॉल. पण फुकट मिळणारं फार होतं: गणपतीतले मेळे आणि व्याख्यानं, देवळातलं कीर्तन, चौपाटी. शाहीर अमर शेख आणि अण्णाभाऊ साठे यांचे कार्यक्रम मैदानात होत. वाचनालयाची वर्गणी मात्र वहीत नक्की शोधा. एका घराने दिवाळी अंक घ्यायचा, शेजारच्याने दुसरा, आणि संक्रांतीपर्यंत अदलाबदल चालायची. पोरांसाठी १९५२ पासून मराठीत निघालेला चांदोबा असाच हातोहात फिरे. दारूची नोंद शोधू नका. १९५० पासून मुंबई राज्यात पूर्ण दारूबंदी होती. कुणी पीत असला तरी वहीत लिहिणार नाही.

बातम्यांचा रस्ताही असाच वाटून घेतलेला. ‘पेपर’ म्हणून महिन्याला जी रक्कम दिसते ती पूर्ण अंकाची नसेल तर दोन-तीन घरांत मिळून एक अंक घेतला जात होता. ‘पेपर’ची नोंदच नसेल तर आजोबा इराण्याच्या हॉटेलात किंवा वाचनालयात वाचत होते. ‘चहा ०-१-०’ ही नोंद म्हणजे कित्येकदा एक कप आणि एक वर्तमानपत्र. लोकसत्ता, नवशक्ति, नवाकाळ तेव्हा होते. अत्र्यांचा मराठा नोव्हेंबर १९५६ मध्ये आला. महाराष्ट्र टाइम्स मात्र १९६२ चा. पन्नाशीच्या दशकातल्या माणसाच्या हातात तो देण्याची चूक मी वारंवार पाहिली आहे. हलती चित्रं पाहायची तर सिनेमागृहात, मुख्य चित्रपटाआधी फिल्म्स डिव्हिजनचं वार्तापत्र दाखवणं सक्तीचं होतं. नेहरूंना चालताबोलताना बहुतेकांनी तिथेच पाहिलं. आणि तातडीची बातमी म्हणजे तार. वहीत ‘तार’ दिसली की पुढचे दोन-तीन दिवस पाहा, गावी जाण्याचं भाडं लागलेलं असेल.

सगळ्यांत मोठी बातमी तर तुमच्या वहीतच असणार. २१ नोव्हेंबर १९५५, संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनातला फ्लोरा फाउंटनचा गोळीबार. मग १६ जानेवारी १९५६ ची संध्याकाळ: नेहरूंनी रेडिओवरून मुंबई केंद्राच्या ताब्यात जाणार असल्याचं जाहीर केलं आणि शहर पेटलं. मोर्चे, जाळपोळ, पुन्हा गोळीबार. गिरगाव त्याच्या ऐन मध्यावर होतं. मी त्या भागातली एक वही वाचली आहे. १७ तारखेपासून काही दिवस तिच्यात भाजी नाही, दूध नाही, ट्राम नाही. त्यानंतर एक ओळ: ‘मेणबत्त्या, कांदे, बटाटे’. आंदोलनाबद्दल एक अक्षर नाही. पण त्या कोऱ्या जागेसमोर मी बराच वेळ बसून होतो. तुमच्या वहीतलं ते पान सर्वांत आधी उघडा.

शेवटी तुमच्या आत्यांबद्दल. त्या चाळीतच वाढल्या आणि आता चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत असं तुम्ही लिहिलं आहे. त्यांना भाव विचारू नका, भाव वहीत आहेत. रेडिओ कुणाच्या घरी होता आणि तिथे त्या कुठे बसत, हे विचारा. दूध आणायला कोण जाई, सरकारी केंद्रावर रांगेत कुणाला उभं करत? तूप कुणाच्या पानात पडायचं आणि कुणाच्या नाही? महिनाअखेरीला आई काय करायची? जानेवारी ५६ मध्ये दार किती दिवस बंद होतं? वही त्यांच्यासमोर उघडी ठेवा, आणि आजोबांचं अक्षर त्यांनाच वाचायला द्या. त्या जिथे थांबतील ती तारीख लिहून घ्या.